ऑपरेशननंतरची चाळीस वर्षं



र. धों. कर्वे यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानाचा विषय विचारायला कार्यकर्ते माझ्याकडे आले, तेव्हा मी सांगितलं, "लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्यांमधली शारीरिक जवळीक, आणि ती शिळी होऊ नये म्हणून काय करायचं." क्षणभर कोणी बोललं नाही. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, विषय उत्तम आहे, पण पत्रिकेवर काय छापू?" आपल्या हातातल्या पत्रिकेवर 'सहजीवन : काही विचार' असं का लिहिलंय, ते आता लक्षात आलं असेल. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पत्रिका घरोघर जाते, फ्रिजवर लावली जाते, सासूबाई वाचतात. पण कर्व्यांच्या नावाने भरणाऱ्या सभेतसुद्धा विषयाला पांघरूण घालावं लागतं, एवढी नोंद मात्र करून ठेवते.

कर्व्यांनी असं पांघरूण कधी घातलं नाही. ते गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे जगाच्या मानाने आपण मागे नव्हतो. या कामापायी त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं आणि १९५३मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते मासिक त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवलं. खटले झाले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून त्यांना कोर्टात खेचलं गेलं, तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड भरावा लागला, मासिक चालूच राहिलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्याबरोबर होत्या. मूल होऊ द्यायचं नाही, हा निर्णय त्या दोघांनी विचारपूर्वक घेतला होता.

कर्व्यांना आपण संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. ते खरंच आहे, पण ते अर्धंच झालं. पाळणा लांबवा, कुटुंब लहान ठेवा, एवढंच सांगायचं असतं तर सरकारने पुढे त्यांना डोक्यावर घेतलं असतं. त्यांचं मूळ म्हणणं त्याच्या पलीकडचं होतं. कामसुख ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिच्यावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे, आणि गर्भधारणेची टांगती तलवार डोक्यावर असेपर्यंत बाईला तो हक्क बजावता येणार नाही, असं ते सांगत होते. संततिनियमन हे त्यांच्या दृष्टीने साधन होतं. साध्य होतं मोकळं, निर्भय सुख.

आता आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. या विषमतेवर वेगळं व्याख्यान होईल. आज मला दुसरंच काही दाखवायचं आहे. आपल्याकडे बाईचं हे ऑपरेशन साधारण पंचविशी-सव्विशीत होतं. पुढे नवरा-बायको दोघं सत्तरीपर्यंत जगली, तर दिवस राहण्याची भीती संपल्यानंतरचं सहजीवन चाळीस वर्षांहून मोठं. कर्व्यांना जे हवं होतं, त्यातली पहिली अट कोट्यवधी घरांत पूर्ण झाली. मग दुसरी गोष्ट, ते मोकळं सुख, त्या घरांत आलं का?

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. चाळिशीच्या बाईला तपासताना मी सहज विचारते, "मिस्टरांशी संबंध कसे आहेत?" उत्तर ठरलेलं असतं. "चांगले आहेत, भांडणं नाहीत." मी पुन्हा विचारते, "तसं नव्हे हो, जवळ येणं वगैरे?" मग पदर सारखा होतो आणि हसून उत्तर येतं, "आता काय त्याचं, झालं आमचं सगळं." वय बेचाळीस. मुलगी बारावीला. "झालं आमचं सगळं." हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे, की आजच्या व्याख्यानाचा विषय मी निवडला असं म्हणण्यापेक्षा त्यांनी दिला असं म्हणणं खरं होईल.

या "झालं" वर बाजारात एक उपाय मिळतो, 'नवीन काहीतरी करा'. सुगंधी मेणबत्त्या, झुळझुळीत गाऊन, लोणावळ्याचं रिसॉर्ट, 'सात युक्त्या' सांगणारे व्हिडिओ. यातलं काहीच वाईट नाही. पण या सल्ल्यामागचं निदान मला पटत नाही. जोडपी एकमेकांना कंटाळतात, असं ते निदान आहे. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक जोडप्यांना एकमेकांचा कंटाळा आलेलाच नसतो. ती थकलेली असतात, अवघडलेली असतात, कुठेतरी दुखत असतं, घरात आडोसा नसतो, आणि यातलं काहीही एकमेकांना सांगायची सवय नसते. तिथे मेणबत्ती काय करणार? तेव्हा माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं : जवळीक ताजी ठेवायची असेल, तर आधी तिच्या वाटेतले अडथळे हलवावे लागतात. नावीन्याचा नंबर त्यानंतर.

याला शास्त्राचा आधार आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीला जॉन बॅंक्रॉफ्ट आणि एरिक यानसेन या किन्से इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी कामेच्छेचं एक प्रारूप मांडलं. माणसाच्या मेंदूत इच्छा चेतवणारी एक यंत्रणा असते आणि ती रोखणारी दुसरी असते, दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र. गाडीला ॲक्सिलरेटर वेगळा आणि ब्रेक वेगळा, तसं. ब्रेकवर पाय दाबून ठेवलेला असताना ॲक्सिलरेटर कितीही पिळला, तरी इंजिन घरघरतं, गाडी हलत नाही. आणि ब्रेक कशाने लागतो? काळजीने, लाजेने, दुखण्याने, कोणी येईल या धास्तीने, न मिटलेल्या भांडणाने.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २०००च्या सुमारास मांडली. आधी इच्छा, मग उत्तेजना, मग कृती, असा क्रम जुनी पाठ्यपुस्तकं सांगायची. बॅसन यांचं निरीक्षण असं, की दीर्घ सहजीवनातल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. इच्छा आपणहून उगवत नाही. निवांतपणा मिळाला, प्रेमाचा स्पर्श झाला, अंग सैलावलं, की मग मागाहून इच्छा जागी होते. पुरुषांच्या बाबतीतही वय वाढेल तसं हे घडू शकतं. आपल्याकडे काय होतं? लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत इच्छा न बोलावता यायची. पुढे ती तशी येईनाशी झाली, की दोघंही समजतात, संपलं. ती बोलावण्याची वाट बघत बसलेली असते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता आपल्या घरांतले ब्रेक एकेक करून बघू.

पहिला आडोशाचा. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. मुंबईच्या चाळींत तर तीन पिढ्या एका खोलीत नांदल्या. पण खोल्या वाढल्या म्हणून आडोसा वाढला, असंही नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ती शिक्षिका, तो पतसंस्थेत. दोन बेडरूमचं स्वतःचं घर. एकात आजी आणि नात, दुसऱ्यात ही दोघं आणि धाकटा मुलगा. तक्रार अशी, की गेली काही वर्षं 'तसं काहीच' नाही. तपासण्या सगळ्या नॉर्मल. बोलता बोलता तिने सांगितलं, त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही. घर बांधतानाच लावली नव्हती. का? तर सासूबाई म्हणाल्या होत्या, आपल्या घरात दारं कोण लावतं? आठ वर्षांचा मुलगा आईजवळ झोपायचा, रात्री आजीला पाणी लागलं तर ती दार ढकलून आत यायची. ही बाई रोज रात्री दाराकडे कान लावून झोपत होती. मी औषध लिहून दिलं नाही. कागदावर लिहिलं : कडी, एक नग. नवरा आधी हसला, मग गप्प झाला. कारण कडी लावायची म्हणजे आईला काय सांगायचं, हा खरा प्रश्न होता. शेवटी मुलाची गादी आजीच्या खोलीत गेली, नातवाला आजीची गोष्ट मिळू लागली, आणि कडी लागली. बदल लगेच झाला नाही. पण दोन-तीन महिन्यांनी ती एकटी आली तेव्हा तिने त्या विषयावर एकच वाक्य उच्चारलं, "झोप बरी लागते आता."

दार लावणं हा आपल्याकडे उद्धटपणा मानला जातो. लहान बाळ आई-बापाच्या मध्ये झोपतं ते ठीक आहे, पण दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत मध्येच राहतं. मग दहावी येते. आई मुलाच्या खोलीत झोपायला जाते, कारण पहाटे उठवायचं असतं. मग बारावी, मग धाकट्याची दहावी. बाप हॉलमधल्या दिवाणावर टीव्ही बघत झोपतो आणि तिथेच कायमचा मुक्काम करतो. भांडण झालेलं नसतं, कोणी निर्णय घेतलेला नसतो, आणि एक दिवस लक्षात येतं की आपण पाच वर्षं एका पलंगावर झोपलेलो नाही.

दुसरा ब्रेक थकव्याचा. देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलेल्या स्त्रियांचा त्यात सरासरी २९९ मिनिटांचा वेळ गेला, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. आणि मुळात त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच होतं फक्त २६ टक्के. स्त्रियांचं ८१ टक्के. आता रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. साडेदहा वाजलेत. त्याचं जेवण झालंय, बातम्या बघून झाल्यात, तो खोलीत आलाय. ती ओटा पुसतेय, दुधाला विरजण लावतेय, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवतेय, गॅसचा कॉक बंद केला का ते बघतेय. अकरा वाजता ती पाठ टेकते. त्या क्षणी त्याचा हात खांद्यावर आला, तर तिला तो दिवसातलं शेवटचं काम वाटतो. यात तिचं प्रेम कमी झालेलं नाही, आणि तोही वाईट माणूस नाही. त्याने साडेनऊ वाजता विरजण लावलं असतं आणि भाजी निवडली असती, तर दोघंही दहा वाजता मोकळी झाली असती, इतका हा साधा हिशोब आहे. पुरुषांनी पुण्य मिळवायला घरकाम करावं, असं मी म्हणत नाही. रात्रीतला एक तास दोघांनी मिळून परत मिळवायचा आहे, एवढंच.

तिसरा ब्रेक शरीराचा. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंध दुखतात. दोन-तीनदा दुखलं, की बाई टाळायला लागते. नवऱ्याला वाटतं, हिला आपण नकोसे झालो. तो मागे सरतो. तिला वाटतं, याला आता आपल्यात रस नाही. एका कोरडेपणापायी दोन माणसं एकमेकांवर रुसून दहा वर्षं काढतात, आणि याचा उपाय औषधाच्या दुकानात मिळतो! पाण्यावर आधारलेली वंगणं मिळतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. इथे बसलेल्या प्रत्येक स्त्रीने एवढं एक लक्षात ठेवून जावं : संबंधाच्या वेळी दुखणं ही सोसायची गोष्ट नाही, दाखवायची गोष्ट आहे. वय पंचवीस असो की पंचावन्न.

पुरुषांचंही तसंच. महाराष्ट्रात मधुमेह आणि रक्तदाब घरोघर आहेत. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात आणि त्याचा परिणाम ताठरतेवर होतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून अनेकदा तक्रार आधी इथे दिसते आणि हृदयाचं दुखणं काही वर्षांनी उघडकीला येतं. याचा अर्थ, लाजून ही गोष्ट लपवणारा माणूस कदाचित हार्ट अटॅकची आगाऊ सूचना लपवत असतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते. त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या. १९९८ साली ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी बाजारात आली आणि लाखो लोकांना तिचा उपयोग झाला. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. म्हणून मित्राने दिली, जाहिरात बघितली, असं करू नका. आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या पत्त्यावर तर जाऊच नका.

चौथा ब्रेक सक्तीचा, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ६४ विवाहित जोडपी घेतली आणि त्यांतल्या निम्म्यांना सांगितलं, तुमच्या संबंधांची संख्या तीन महिने दुप्पट करा. शहाण्या माणसाला वाटेल, ही जोडपी खूश होतील. झालं उलट. संख्या वाढली, पण मनःस्थिती किंचित खालावली, इच्छाही उतरली आणि आनंदही. सांगितलंय म्हणून करायचं, या भावनेनेच रस गेला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्याच सुमाराला तीस हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या माहितीवर आधारलेला दुसरा अभ्यास आला. आठवड्यातून एकदापर्यंत संबंधांची संख्या आणि समाधान बरोबर वाढतात, त्यापुढे संख्या वाढवून समाधान वाढत नाही, असं त्यात दिसलं. 'आठवड्यातून किती वेळा नॉर्मल?' हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. माझं उत्तर असं, की दोघांनाही पुरेसं वाटतं ते नॉर्मल. अमेरिकेतली सरासरी आपल्या पलंगावर मोजायची नाही.

एका प्रयोगातल्या हलक्या सक्तीने एवढं होतं, तर लग्नातल्या सक्तीने काय होत असेल? मघाच्याच आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं, की नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे दुसरीकडे संबंध असतील किंवा बायको थकलेली असेल, तर तिने नकार देणं योग्य आहे का? तिन्ही कारणांसाठी 'हो' म्हणणाऱ्या स्त्रिया ८० टक्के होत्या, पुरुष ६६ टक्के. म्हणजे दर तीन पुरुषांतल्या एकाला यातलं किमान एक कारण पुरेसं वाटत नाही. आपला कायदाही अजून त्याच बाजूचा आहे. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सज्ञान पत्नीशी नवऱ्याने केलेला जबरी संभोग बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. कायदा बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत प्रत्येक घर आपला नियम आजच करू शकतं : नकार दिला, तर रुसवा नाही, टोमणा नाही, दुसऱ्या दिवशी भाजीच्या पैशांवरून वाद नाही. ज्या घरात 'आज नको' हे निर्धास्तपणे म्हणता येतं, त्याच घरात एखाद्या दिवशी बायको आपणहून जवळ येते. जिथे नकाराची किंमत मोजावी लागते तिथे होकारही हिशोबाचा होतो, आणि हिशोबाचा होकार कितीही वेळा मिळाला तरी नवऱ्यालाही तो गोड लागत नाही.

आता अडथळे हलले असं धरून चालू, आणि नावीन्याकडे येऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक इथले मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक गमतीदार प्रयोग आहे. त्यांनी काही जोडपी घेतली. नवरा-बायकोची मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधले आणि सांगितलं, गुडघ्यांवर रांगत गादीवरून पलीकडे जा, मध्ये अडथळा पार करा, आणि दोघांच्या मध्ये उशी धरून ठेवा, पण हाताने नाही. वेळ सात मिनिटं. दुसऱ्या गटातल्या जोडप्यांना एक चेंडू ढकलत नेण्याचं रटाळ काम दिलं. नंतर मोजमाप केलं, तर उशी सांभाळत, हसत, पडत-झडत गेलेल्या जोडप्यांना आपलं नातं अधिक चांगलं वाटू लागलं होतं. या प्रयोगातलं काहीही पलंगावर घडलेलं नव्हतं. जोडीदार तोच राहिला, तरी त्याला नव्या प्रसंगात, थोडं गडबडलेलं, थोडं हसणारं बघितलं, की तो पुन्हा नवा दिसतो.

आपल्याकडे हे कसं करायचं? पन्नाशीत दोघांनी एकदम पोहायला शिकावं. राजगडाला जावं, धापा टाकत. एकाने दुसऱ्याला स्कूटर शिकवावी. शिकवणारी बायको असेल तर उत्तमच. एखाद्या रविवारी मुलांना आजीकडे ठेवून दोघांनीच एसटीने जवळच्या गावाला जाऊन मिसळ खाऊन यावं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या एका जोडप्याने गावातल्या नाट्यस्पर्धेत एकत्र काम केलं. ती मला म्हणाली, "हे तालमीत इतके विनोदी असतात, मला माहीतच नव्हतं." बावीस वर्षं डबा भरून दिलेल्या माणसाबद्दल 'माहीतच नव्हतं' असं काहीतरी सापडणं, मला वाटतं, हेच ते नावीन्य.

आणि पलंगावरचं नावीन्य? त्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर मी पत्रिकेच्या मथळ्यालाच शरण गेले असं होईल. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० साली एक उपचार मांडला, तो आजही जगभरचे सल्लागार वापरतात. त्यातला पहिला नियम असा, की काही काळ संभोग पूर्ण बंद. फक्त स्पर्श. एक जण निजणार, दुसरा हात फिरवणार. पाठ, मान, पाऊल, केस. सुरुवातीला स्तन आणि गुप्तांगं वर्ज्य. निजलेल्याने एवढंच सांगायचं, हे आवडलं, हे नको, जरा हळू, जरा वर. मग पाळी बदलायची. पुढे काही 'करून दाखवायचं' नसल्यामुळे पुरुषाची धास्ती जाते आणि स्त्रीला घाई होत नाही. अनेक नवरे मला येऊन सांगतात, "बायकोला पाठीवर हात फिरवलेला आवडतो, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं." कळणार कसं? विचारलंच नव्हतं, आणि तिने सांगितलंही नव्हतं. चांगल्या घरच्या बाईने आवडीनिवडी फक्त भाजीबद्दल सांगायच्या, असं तिला शिकवलेलं असतं.

ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत, असं कोणाला वाटत असेल, तर त्यांना आपलाच वारसा दाखवते. वात्स्यायनाचा ग्रंथ म्हणजे आसनांची यादी, असा आपला समज करून दिलेला आहे. त्याने लग्नानंतरच्या पहिल्या तीन रात्री संभोग करू नये, आधी मुलीचा विश्वास मिळवावा, असं सांगितलं आहे. आणि समागमानंतर काय करावं, हेही. पाठ फिरवून झोपावं असं तो म्हणत नाही. दोघांनी एकत्र काही खावं-प्यावं, गच्चीत चांदण्यात बसावं, गप्पा माराव्यात, आणि नायकाने तिला अरुंधती, ध्रुव आणि सप्तर्षी दाखवावेत, असं तो सुचवतो. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथा सप्तशती' घ्या. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या त्या संग्रहात शेतकऱ्यांच्या, कष्टकऱ्यांच्या घरातल्या बायका आपल्या इच्छेबद्दल, रुसव्याबद्दल, नवऱ्याच्या वेडेपणाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलतात. मराठी मुलखातल्या बाईचा आवाज साहित्यात जिथे पहिल्यांदा ऐकू येतो, तिथे ती लाजून गप्प बसलेली नाही. गप्प बसणं आपण मागाहून शिकलो.

एक शब्द ज्येष्ठांसाठी. साठी-सत्तरीतल्या नवरा-बायकोने एकमेकांचा हात धरला, की आपण 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो. मुलं-सुना आई-वडिलांच्या वाटण्या करतात : आई धाकट्याकडे, बाबा थोरल्याकडे, कारण दोघांना एका घरात ठेवायला जागा नाही. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या दोन माणसांना वेगळं करण्याचा अधिकार मुलांना कोणी दिला? त्या वयात संभोग असेल किंवा नसेल; पाठीला पाठ लागून झोपणं, गुडघ्याला तेल चोळणं, सकाळी चहा देताना गालाला हात लावणं, हीही शारीरिक जवळीकच आहे, आणि तिची गरज वयाबरोबर वाढते. हे मी नवरा-बायकोंच्या भाषेत बोलते आहे, कारण माझ्या दवाखान्यात बहुतेक तीच येतात. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या किंवा समलिंगी जोडप्यांना यातलं काही वेगळं लागू होतं असं नाही. आडोसा तर त्यांना आणखी कमी मिळतो.

शेवटी, इथून घरी गेल्यावर काय करायचं ते सांगते. व्याख्यान ऐकून 'छान झालं' म्हणायची आपल्याला सवय आहे, म्हणून कामच देते. एक, आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का बघा. नसेल तर उद्या लावून घ्या, आणि मुलांना दार वाजवून आत यायला शिकवा. दोन, पुरुषांनी रात्रीच्या कामातलं निदान एक काम आजपासून कायमचं अंगावर घ्या, 'मदत' म्हणून नव्हे. तीन, दुखत असेल किंवा जमत नसेल तर महिनाभरात डॉक्टरांना दाखवा, आणि शक्यतो दोघांनी मिळून जा. चार, जोडीदाराला एकच प्रश्न विचारा : "तुला काय आवडतं, जे मला अजून माहीत नाही?" उत्तर लगेच आलं नाही तर घाई करू नका, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असेल. पाच, 'नको' म्हटलं तर हसून 'बरं' म्हणा.

कर्व्यांनी पंचवीसहून अधिक वर्षं दंड भरून, टीका सोसून, आपल्याला भीतीतून सोडवण्यासाठी मासिक चालवलं. भीती गेली आहे. पुढचं काम कायद्याने, सरकारने किंवा डॉक्टरांनी करायचं नाही; ते तुम्ही दोघांनी करायचं आहे. आणि पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय त्याच्या खऱ्या नावाने छापा, एवढी माझी संयोजकांना जाहीर विनंती आहे.